रेग्युलेटर आपोआप बंद होतोय? बटण दाबण्याआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात लालबागच्या एका चाळीतून बोलावणं आलं. नवीन घेतलेला 'ऑटोमॅटिक' रेग्युलेटर बिघडलाय, स्वयंपाक चालू असताना मधेच गॅस बंद होतो, अशी तक्रार होती.

"काकू, किती वेळा बंद झाला?"

"सकाळपासून चारदा. मी आपली बटण दाबते नि परत चालू करते. पण पोराला डबा द्यायचा असतो रे, किती वेळा दाबत बसू?"

रेग्युलेटर ठणठणीत होता. ओट्यामागून गेलेली जुनी रबरी नळी भिंतीलगत उंदराने कुरतडली होती. एकच बर्नर लावला की काही होत नसे. दुसराही लावला की दोन बर्नरचा गॅस आणि गळणारा गॅस मिळून प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर जायचा आणि आतली झडप बंद व्हायची. चार वेळा त्या वस्तूने सांगितलं, की इथे काहीतरी चुकतंय. चारही वेळा तिला गप्प केलं गेलं. वास येत होता, पण शेजारीच मोरी, त्यामुळे तो मोरीचाच वाटला.

गॅसच्या शेगड्या आणि रेग्युलेटरची कामं करताना हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते. म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. पण त्याआधी ही वस्तू आत काय करते ते थोडं समजून घेऊ, नाहीतर पुढचं पटणार नाही.

तीन राखणदार, तीन वेगळी कामं

सिलिंडरमध्ये गॅसचा दाब साधारण ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर ५० मीटर उंच टाकीखालच्या नळाला जितका जोर असेल तितका. शेगडीला लागतो जेमतेम ३० मिलिबार, म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याइतका. हा फरक रेग्युलेटर सांभाळतो. त्याच्या आत रबराचा पातळ पडदा असतो आणि त्यावर स्प्रिंग. शेगडीकडे दाब वाढला की पडदा वर उचलला जातो आणि झडप मिटते. दाब घटला की पडदा खाली येतो आणि झडप उघडते. हे काम दिवसभर अखंड चालू असतं.

'सेफ्टी' किंवा 'ऑटोमॅटिक' म्हणून मिळते ती दुसरी गोष्ट. गॅस अचानक जोरात धावू लागला, नळी निसटली, कापली गेली, तर प्रवाहाच्या जोराने आतली गोळी किंवा झडप पुढे ढकलली जाऊन वाट बंद करते.

तिसरा राखणदार अलार्म. त्याला दाबही कळत नाही आणि प्रवाहही कळत नाही. आजूबाजूच्या हवेत गॅस मिसळलाय का, एवढंच त्याला कळतं. काही अलार्मला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह जोडलेला असतो. अलार्म वाजला की तो पुरवठा तोडतो.

या तिघांपैकी प्रत्येकाला एकेकच गोष्ट दिसते. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका, एकाचं काम दुसरा करेल असं समजल्यामुळे होतात.

कारण न शोधता परत चालू करणं

गॅस आपोआप बंद झाला तर आधी नेमकं कधी झाला ते आठवा.

नवीन सिलिंडर लावल्यावर लगेच बंद झाला असेल तर बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. नळी रिकामी असते, बर्नरचं बटण उघडं राहिलेलं असतं आणि रेग्युलेटर झटकन फिरवला की गॅस एकदम नळीत घुसतो. झडपेला तो धोका वाटतो. अशा वेळी सगळे बर्नर बंद करा, रेग्युलेटर बंद करा, मिनिटभर थांबा, मग सावकाश चालू करा आणि त्यानंतरच बर्नर लावा.

स्वयंपाक चालू असताना बंद झाला तर प्रकरण वेगळं. तेव्हा बटणाला हात लावायच्या आधी नळी पाहा. पूर्ण नळी, दोन्ही टोकांसह, ओट्यामागे टॉर्च मारून. घरात आधीच गॅसचा वास असेल तर मात्र काही तपासत बसू नका, थेट शेवटच्या भागात लिहिलंय तसं करा. वास नसेल तर भांड्याच्या साबणाचं पाणी करा, बर्नर बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि नळीची टोकं, शेगडीचा जोड, सिलिंडरच्या व्हॉल्व्हभोवतीची जागा अशी एकेक ओली करत जा. बुडबुडे आले तिथे गळती. काडी किंवा लायटर पेटवून गळती शोधणारी माणसं मी अजूनही पाहतो. कृपा करून असं करू नका.

बुडबुडे व्हॉल्व्हपाशी येत असतील तर बऱ्याचदा आतलं रबरी वॉशर गेलेलं असतं. ते वितरकाचा माणूस बदलून देतो. सिलिंडर घरात येतो तेव्हाच, त्याच्यासमोर, हे पाणी लावून बघण्याची सवय ठेवा. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा नळी असावी आणि ५ वर्षांनी बदलावी, वरून चांगली दिसत असली तरीही. मी नळी बसवल्यावर तिच्यावर खडूने नाही, पक्क्या मार्करने तारीख लिहितो. खडू पहिल्याच पावसाळ्यात जातो.

एकदा तपासून चालू केल्यावर पुन्हा बंद झाला, तर तिसऱ्यांदा चालू करायचा नाही. वितरकाला फोन करायचा. आणि एक नक्की लक्षात ठेवा: सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि कंपनीचा रेग्युलेटर यांच्या मधे बसवायची कोणतीही वस्तू, कितीही आकर्षक डबीत मिळाली, तरी वितरकाला विचारल्याशिवाय घेऊ नका. जितके जोड जास्त तितक्या गळतीच्या जागा जास्त.

दूध उतू गेलं, आच विझली, आता तो बंद करेलच

नाही करणार. हे मला फार कळकळीने सांगायचंय, कारण 'ऑटोमॅटिक' या शब्दावर विश्वास ठेवून लोक दूध तापत ठेवून खाली भाजी आणायला जातात. दूध उतू जाऊन आच विझली तरी बर्नरमधून गॅस तेवढाच वाहतो, जेवढा पेटलेला असताना वाहत होता. प्रवाहावर नजर ठेवणाऱ्या झडपेला यात वावगं काहीच दिसत नाही. नळीला बारीक भोक पडलं आणि बर्नर बंद असले तरी तसंच. तो प्रवाह मर्यादेच्या आत असतो आणि झडप उघडीच राहते.

आच विझल्यावर गॅस तोडण्यासाठी शेगडीतच वेगळी सोय लागते. बर्नरशेजारी एक छोटी धातूची कांडी असते, आचेने ती गरम असेपर्यंत गॅसची वाट उघडी राहते आणि ती थंड झाली की वाट बंद होते. नवी शेगडी घेताना दुकानदाराला हे आवर्जून विचारा. ही सोय नसेल तर अशा वेळी तुमच्या मदतीला एकटा अलार्मच आहे.

काट्यावरून सिलिंडर किती भरलाय ते बघणं

काही रेग्युलेटरवर दाबाचा काटा असतो. तो हिरव्यात आहे म्हणजे गॅस भरपूर, असा समज घरोघरी आहे. सिलिंडरमध्ये द्रवरूप गॅस थोडा जरी शिल्लक असला तरी दाब जवळपास तेवढाच राहतो, कारण तो तापमानावर ठरतो. म्हणून काटा शेवटपर्यंत हिरव्यात आणि मग एकदम खाली. किती उरलाय हे वजनावरूनच कळतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं आणि भरलेल्यात १४.२ किलो गॅस असतो.

काट्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. काही रेग्युलेटरमध्ये सिलिंडरकडची वाट बंद केली तरी काटा पुढच्या भागातला दाब दाखवत राहतो. तुमचा तसा असेल तर रात्री बर्नर बंद करा, सिलिंडरकडची वाटही बंद करा आणि काटा बघून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत तो खाली सरकला तर कुठेतरी गळतंय.

अलार्म भलत्याच जागी

एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो जमिनीलगत साचतो, ओट्याखाली, मोरीत, सिलिंडर ठेवलेल्या बंद कपाटाच्या तळाशी. त्यामुळे सिलिंडरच्या घरात अलार्म जमिनीपासून फूटभराच्या आत हवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा पुष्कळ हलका, वर चढतो. तिथे अलार्म छतापासून फूटभर खाली हवा.

मुंबईत यातूनच मोठी गडबड होते. पाइपने गॅस पुरवणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली, तेव्हापासून एकेक इमारत सिलिंडरवरून पाइपवर येतेय. चाळ पाडून टॉवर झाला की कुटुंब नव्या घरात जातं, बरोबर जुना अलार्म नेतं आणि तसाच ओट्याखाली लावतं. गॅस वर, अलार्म खाली. शिवाय तो एलपीजीसाठी बनवलेला असेल तर मिथेनला नीट ओळखेलच असंही नाही. डबीवर कोणत्या गॅससाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा.

शेगडीचंही तसंच. पाइपच्या गॅसचा दाब घरात २१ मिलिबार आणि त्याची उष्णता एलपीजीपेक्षा कमी, म्हणून शेगडीची जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं, मोठ्या भोकाची करावी लागतात. तशी केलेली शेगडी गावच्या घरी सिलिंडरला जोडली तर आच भडकते. लोक रेग्युलेटरला दोष देतात, दोष जेटचा असतो.

एका खोलीच्या घरात मोरीला चिकटून अलार्म लावू नका, रोज पाणी उडून तो लवकर जातो. खिडकीच्या झोतात नको आणि शेगडीच्या थेट वाफेवरही नको.

सारखा वाजतो म्हणून प्लग काढणं

घरगुती अलार्ममधला सेन्सर गॅसबरोबरच अल्कोहोल, रंग, थिनर, स्प्रे यांच्या वाफेनेही जागा होतो. फरशी पुसताना वाजला, डास मारायचा स्प्रे मारला की वाजला, असं असेल तर तो बिघडलेला नाही. खिडकी उघडा, दहा मिनिटं थांबा. मात्र असं कोणतंच कारण नसताना वाजला तर तो खरंच बोलतोय असं समजा.

वरचं टेस्टचं बटण दाबून आवाज आला म्हणजे सगळं ठीक, हाही गैरसमज. बहुतेक अलार्ममध्ये त्या बटणाने भोंगा आणि दिवा तपासला जातो, सेन्सर नाही. सेन्सरलाही आयुष्य असतं. मागे लिहिलेली बदलायची तारीख उलटली असेल तर अलार्म वाजत असूनही निरुपयोगी आहे.

गणपतीला गावी जाताना आपण घराचा मेन स्विच खाली करतो. विजेवरचा अलार्म त्याच क्षणी झोपतो. त्याला जोडलेला व्हॉल्व्ह वीज गेल्यावर मिटणाऱ्या जातीचा असेल तर ठीक. वीज मिळाली तरच मिटणारा असेल तर तो दहा दिवस उघडाच. घेताना हे विचारून घ्या. आणि कोणताही असो, निघताना सिलिंडरवरून रेग्युलेटर काढून टोपी लावा. पाइपचा गॅस असेल तर शेगडीजवळचा आणि मीटरजवळचा, दोन्ही कॉक बंद करा.

रंगाऱ्याने बुजवलेलं भोक

रेग्युलेटरच्या वरच्या झाकणात एक बारीक भोक असतं. पडदा वरखाली होताना त्यातून हवा आतबाहेर जाते. ते बुजलं की आच कधी मोठी, कधी मिणमिणती. घरात ते तेलकट चिकट्याने बुजतं, इमारतीच्या बाहेर बसवलेल्या रेग्युलेटरचं सोसायटीच्या रंगकामात. परांची बांधली जाण्याआधी सेक्रेटरींनी रंगाऱ्याला ते दाखवून झाकून घ्यावं, काम झाल्यावर झाकण काढावं. घरातलं भोक कोरड्या फडक्याने पुसा, सुई घालू नका, पडदा फाटेल. आणि रेग्युलेटर कधीही उघडून दुरुस्त करू नका. खराब झालेला रेग्युलेटर वितरक बदलून देतो.

पाइपच्या गॅसचा दाब पार घसरला तरी काही रेग्युलेटर स्वतःहून मिटतात आणि पुरवठा आला तरी उघडत नाहीत. लोक वैतागतात, पण यामागे मोठा विचार आहे. गॅस गेला तेव्हा बर्नर विझला, बटण उघडंच राहिलं आणि तासाभराने गॅस आपोआप परत आला, तर न पेटलेला गॅस घरभर. म्हणून पुरवठा गेला की आधी सगळी बटणं बंद करा, मग कंपनीला फोन करा. मीटर हलवून किंवा ठोकून बघू नका.

खानावळीचा रेग्युलेटर घरी

वडापावची गाडी, केटरिंग, खानावळ इथे १९ किलोचा सिलिंडर आणि जास्त दाबाचा रेग्युलेटर असतो. "आच छान लागते" म्हणून तो घरच्या शेगडीला लावलेला मी पाहिला आहे. घरची नळी, बर्नरची बटणं, काहीच त्या दाबासाठी केलेलं नसतं. गॅसचा धोका किती मोठा असतो ते मुंबईने पाहिलंय: १६ ऑक्टोबर २०१५ ला कुर्ल्यातल्या एका उपाहारगृहात गॅसचा भडका उडाला आणि ८ जण गेले, त्यात जेवायला आलेले विद्यार्थी होते.

खरोखर वाजला तर

एलपीजी हवेत जेमतेम २ टक्के मिसळला की पेट घेऊ शकतो. अलार्म त्याच्या बऱ्याच आधी वाजतो, म्हणजे तुमच्या हातात थोडा वेळ असतो. त्या वेळात पहिली चूक होते ती एग्झॉस्ट फॅन लावण्याची. स्विचच्या एका ठिणगीने पेट घेता येतो. फॅन, दिवा, बेल, काही चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, फ्रिजचा प्लगसुद्धा ओढू नका. शेगडीची बटणं बंद करा, रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी लावा. दारं-खिडक्या सताड उघडा. देवापुढचा तेवता दिवा आधी विझवा, तो आपण विसरतोच. मग सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. वीज तोडायची असेल तर खालच्या मीटर रूममधून तोडा.

फोन जिन्यावर किंवा खाली येऊन करा, घरात नको. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. पाइपचा गॅस असेल तर बिलावर छापलेला आपत्कालीन नंबर आजच दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. शेजाऱ्यांना सांगा, पण त्यांची बेल न वाजवता दार ठोठावून. माणूस येऊन गळती शोधेपर्यंत आणि नळी बदलेपर्यंत शेगडी पेटवू नका. तोवरचा चहा शेजारच्या चाळीतून मागवा.