ग्राउमार्कची फौज: वहीतल्या देशाचं सैन्य कसं उभं करायचं

माझे मामा सैनिक टाकळीचे. शिरोळ तालुक्यातलं हे गाव कशासाठी ओळखतात ते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी उद्यमनगरात पॅटर्नमेकर आहे, फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवतो. आणि गेली बारा वर्षं मी एक देश उभा करतोय. त्याचं नाव ग्राउमार्क. जर्मन वळणाचा, डोंगर आणि जंगलाचा, आणि फक्त माझ्या वहीत आणि टेबलावर असलेला.

पहिल्यांदा त्याचं सैन्य मांडलं तेव्हा तीनशे शिपाई होते, चोवीस तोफा, घोडदळ वेगळं. मामांनी टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून रांगा बघितल्या आणि विचारलं, "आणि ह्यांचा लंगर कुठाय रं?"

लष्करात स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. माझ्याकडे तो नव्हता. त्या रविवारपासून मी सगळं खालून पुन्हा रचलं. कथेसाठी, कादंबरीसाठी किंवा टेबलावरच्या खेळासाठी ज्यांना असा देश हवाय, त्यांनी मी जिथून चुकीची सुरुवात केली तिथून करू नये म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी साल ठरवा. "जुन्या काळातली जर्मन फौज" असं काही नसतं. 14 ऑक्टोबर 1806 ला येनाजवळ नेपोलियनने प्रशियाचं सैन्य मोडलं. त्याच प्रशियाने 3 जुलै 1866 ला क्योनिगग्रेट्झला ऑस्ट्रियाला हरवलं. मधल्या साठ वर्षांत सगळं बदललं होतं. प्रशियाच्या शिपायाकडे मागून भरायची ड्रायझ बंदूक होती, ती आडवं पडून भरता येते. ऑस्ट्रियाच्या शिपायाला पुढून, नळीतून बार भरायचा म्हणजे उभं राहावं लागे. गोळ्या येत असताना हा फरक किती मोठा असेल याचा विचार करा. शिवाय सैन्य जमवायला प्रशियाकडे पाच रेल्वेमार्ग होते, ऑस्ट्रियाकडे एक. म्हणून साल ठरलं की बंदूक ठरते, बंदूक ठरली की कवायत ठरते. मी 1865 धरलं.

मग माणसं कुठून येणार ते ठरवा. इथे घाई करू नका, देशाचा स्वभाव इथेच घडतो. उत्तरेत स्वीडनने सतराव्या शतकाच्या शेवटी शेतांचे गट पाडले. एका गटाने मिळून एक शिपाई पोसायचा, त्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा द्यायचा. आपल्याकडे वतनं होती, त्यामुळे ही कल्पना आपल्याला चटकन कळते. स्वित्झर्लंडमध्ये नागरिक हाच शिपाई, बंदूक त्याच्या घरी. तिसरी वाट प्रशियाची. 1814 च्या कायद्याने तीन वर्षं फौजेत, दोन वर्षं राखीव, मग सात वर्षं लांडवेअरच्या पहिल्या फळीत आणि पुढची सात दुसऱ्या फळीत. लांडवेअर म्हणजे शेती, दुकान, संसार सांभाळून हाक आली की हजर होणारे लोक.

मी प्रशियाची वाट घेतली आणि हिशोब मांडला. ग्राउमार्कची लोकसंख्या 24 लाख. 1871 च्या जर्मन साम्राज्याच्या राज्यघटनेत शांततेच्या काळातलं सैन्य लोकसंख्येच्या एक टक्का धरलं होतं. तोच आकडा मी घेतला: 24,000. तीन वर्षांची नोकरी, म्हणजे दरवर्षी 8,000 नवी पोरं. पाच वर्षांचे 40,000, लांडवेअरच्या पहिल्या फळीचे 56,000. एकूण 96,000. इतकी माणसं खरोखर येत नाहीत. कुणी आजारी असतं, कुणी मेलेलं, कुणी गाव सोडून गेलेलं. मी पाचवा भाग वजा करतो, उरतात साधारण 77,000.

आता खरा प्रश्न. 24 लाखांच्या देशात वीस वर्षांची पोरं वर्षाला वीस हजारांच्या वर निघणार, आणि घ्यायचीत 8,000. मग कुणाला सोडायचं? चिठ्ठी काढायची की पैसेवाल्याच्या पोराला वाट द्यायची? प्रशियातही लोकसंख्या वाढत गेली आणि भरती बरीच वर्षं 40,000 च्या आसपासच राहिली, त्यामुळे कायदा सगळ्यांसाठी आणि जाणारे काहीच, असं झालं. पहाटे रंकाळ्यावर भरतीसाठी पळणारी पोरं मी रोज बघतो. इथे आत जाण्यासाठी धडपड आहे, तिथे चिठ्ठी चुकावी म्हणून देवाला नवस. दोन्हीकडे दाराशी आई उभी असते. तुमच्या देशात ती आई काय मागते, हे लिहून काढा. कथेचा अर्धा जीव त्यात आहे.

आता लंगर. 40,000 माणसांना रोज पाऊण किलो पाव धरला तर 30 टन. चार माणसांमागे एक घोडा धरला तर 10,000 घोडे, प्रत्येकाला दाणा-वैरण मिळून 10 किलो, म्हणजे 100 टन. माणसांपेक्षा घोडे जास्त खातात हे मला आकडे मांडेपर्यंत ठाऊक नव्हतं. रोज 130 टन रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत आले, पुढे काय? एका गाडीत एक टन धरा, फौज दोन दिवसांच्या वाटेवर असेल तर जाऊन यायला चार दिवस. म्हणजे 520 गाड्या सतत रस्त्यावर, त्यांना 1,040 घोडे, आणि ते घोडेही खाणार. पाऊस लागला, चिखल झाला, की हे गणित कोसळतं. माझी पहिली मोहीम अशीच तिसऱ्या रविवारी संपली. एकही लढाई हरलो नव्हतो, पण फौज उपाशी होती.

हे समजायला जर्मनीला जायची गरज नाही. पन्हाळ्यावर जा आणि अंबरखान्यात उभे राहा. गंगा, यमुना, सरस्वती ही तीन कोठारं बघा. भिंतींची जाडी बघा, वरून धान्य ओतायची भोकं बघा. गड म्हणजे आधी कोठार, मग बुरूज. आणि शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला गेलेलं पत्र मिळवून वाचा. दाणा-वैरण आत्ताच बेफिकिरीने संपवलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, दिवे जळते ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, रयतेकडून ओरबाडाल तर लोक म्हणतील मोगल बरे. एवढा मोठा राजा उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतोय! सैन्य कसं लिहायचं हे मी त्या पत्रातून शिकलो.

हुद्द्यांना फार वेळ देऊ नका, पण नावांचा अर्थ समजून घ्या. हाउप्टमान म्हणजे शब्दशः मुख्य माणूस, कंपनीचा कप्तान. घोडदळात तोच रिटमायस्टर होतो. गेफ्रायटर म्हणजे मोकळा केलेला, पहाऱ्याच्या कामातून सुटका मिळालेला जुना शिपाई. आपल्या शिवकाळातल्या नायकावर हवालदार, हवालदारावर जुमलेदार, जुमलेदारावर हजारी या उतरंडीशेजारी ही नावं मांडली की लक्षात राहतात.

भाषेचं मात्र बघा. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या फौजेत दहाएक भाषांचे लोक होते. हुकमाचे साधारण 80 जर्मन शब्द प्रत्येक शिपायाने शिकायचे, बाकी व्यवहार पलटणीच्या भाषेत, आणि ती अधिकाऱ्याने शिकायची. आमच्या फाउंड्रीत मराठी, कन्नड आणि बिहारकडची हिंदी बोलणारे एकत्र काम करतात. भट्टी फोडताना "थांब", "सोड", "बास" एवढ्यावर सगळं चालतं. पण कुणाच्या घरी माणूस गेला तर ते त्या तीन शब्दांत सांगता येत नाही. ग्राउमार्कच्या डोंगरातल्या लोकांची भाषा मी वेगळी ठेवली ती यासाठी.

शपथेकडे या. रविवारी खेळायला येणारी पोरं हिटलरच्या एसएस दलासारखे काळे गणवेश आणि कवटीचे बिल्ले मागतात, कारण चित्रांत तेच बघितलेलं असतं. मी त्यांना बसवून सांगतो. 2 ऑगस्ट 1934 ला जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारला आणि त्याच दिवशी जर्मन सैनिकांकडून हिटलरचं नाव घेऊन शपथ घेतली गेली. राज्यघटनेची नाही, एका माणसाची. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. पश्चिम जर्मनीने नवं सैन्य उभं केलं तेव्हा पहिल्या स्वयंसेवकांना नेमणूकपत्रं दिली 12 नोव्हेंबर 1955 ला. येनानंतर प्रशियाचं सैन्य सुधारणाऱ्या शार्नहोर्स्टची ती दोनशेवी जयंती होती. सैनिक हा गणवेशातला नागरिक आहे हा विचार त्यांनी पाया म्हणून घेतला, आणि ज्या हुकमाने गुन्हा घडेल तो पाळायचा नाही हे कायद्यात लिहिलं. म्हणून देशाचा झेंडा काढण्याआधी शपथेचा मजकूर लिहा. कुणापुढे, कशावर हात ठेवून आणि कुणाच्या नावाने, या तीन गोष्टी त्यात हव्यात. ग्राउमार्कचा शिपाई आपल्या गावच्या नोंदवहीवर हात ठेवतो.

गणवेश शेवटी. मी करडा रंग घेतला, बटणं कथलाची. पुतळे 30 मिलिमीटरचे, कथील-शिशाच्या मिश्रणाचे, रबराच्या साच्यात ओततो. पहिले तीन-चार नेहमी अर्धवट येतात, संगिनीचं टोक भरतच नाही, कारण साचा गार असतो. साचा आधी तापवा, आत टाल्कम पावडर झटका, आणि संगिनीच्या टोकापासून हवेला बारीक वाट कापा. शिसं आहे, तेव्हा खिडकी उघडी ठेवा, हात धुवा, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. पदक करायचं तर 1813 चा लोहक्रॉस आठवा: मध्ये बिडाचं ओतकाम, भोवती चांदीची कड. त्या वर्षी प्रशियात बायकांनी सोन्याचे दागिने देऊन लोखंडाचे घातले होते. बीड ओतणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार जवळची वाटते.

आता फौज चालवून बघा. 1824 मध्ये राइसविट्झ नावाच्या प्रशियन लेफ्टनंटने सेनाधिकाऱ्यांपुढे क्रिग्सश्पील मांडला: 1:8000 चा नकाशा, लाल आणि निळे ठोकळे, दोन मिनिटांचा एक डाव, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये पंच. आम्ही तसंच खेळतो. एक बाजू माडीवर, दुसरी खाली, हुकूम चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी पोचायला लागणारा वेळ पंच मोजतो. तुमचा हुकूम पोचेपर्यंत पूल गेलेला असतो. पंच मामा आहेत.

माझ्याकडे प्रत्येक कंपनीची वही आहे, कारण प्रत्येक कंपनी एकेका खोऱ्यातून येते. टानडॉर्फच्या कंपनीत 131 नावं होती. मागच्या मोहिमेत नदी ओलांडताना 11 गेली आणि मी ती लाल पेनाने खोडली. मामांनी वही मागून घेतली, पानाच्या उजवीकडे पट्टीने एक रेघ मारली आणि म्हणाले, "हितं लिही, मागं घरात कोण कोण हाय." अकरापैकी सहा घरं लिहून झाली आहेत.