काउबॉय ॲक्शन शूटिंगसाठी काडतुसे कशी निवडावीत

सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही अमेरिकेतील संस्था १९८७ साली स्थापन झाली आणि काउबॉय ॲक्शन शूटिंग या, जुन्या अमेरिकी काउबॉयांच्या काळातील धर्तीच्या बंदुकांनी खेळल्या जाणाऱ्या नेमबाजीच्या खेळातील बहुतेक सामने तिच्याच नियमांनी खेळले जातात. एका फेरीत साधारणपणे दोन रिव्हॉल्व्हरमधून प्रत्येकी पाच, लिव्हर ॲक्शन (दस्त्याजवळची दांडी खालीवर करून काडतूस भरणाऱ्या) रायफलीतून दहा आणि शॉटगनमधून चार किंवा अधिक बार काढावे लागतात. पोलादी लक्ष्ये मोठी आणि जवळ असतात, निकाल किती वेळ लागला यावरून ठरतो आणि हुकलेल्या प्रत्येक नेमापोटी पाच सेकंद वाढतात. त्यामुळे कमी धक्क्याचे, हलके काडतूस घेण्याकडे सर्वांचाच ओढा असतो. तो योग्यही आहे, परंतु हलकेपणाला मर्यादा आहे.

नियमानुसार रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १,००० फुटांहून आणि रायफलीच्या गोळीचा १,४०० फुटांहून अधिक नसावा. तो ४०० फुटांहून कमीही नसावा. शिवाय गोळीचे ग्रेनमधील (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) वजन आणि वेग यांच्या गुणाकाराला १,००० ने भागून येणारा पॉवर फॅक्टर किमान ६० हवा. १०५ ग्रेनची गोळी ६०० फूट वेगाने गेली तर तो ६३ येतो, म्हणजे नियमात बसतो, पण जेमतेम. १२५ ग्रेनची गोळी ७०० फुटांवर ८७.५ देते आणि धक्काही फारसा जाणवत नाही. नवख्याने .३८ स्पेशल या जातीच्या काडतुसात ही दुसरी निवड करावी, असे माझे मत आहे, कारण तिचा पोलादावरचा आवाज नेम मोजणाऱ्यांना स्पष्ट ऐकू येतो.

गोळी शिशाचीच असावी. तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांना मनाई आहे. रायफलीच्या नळीखालच्या साठवणीच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक राहतात आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीला, टेकते, म्हणून टोकदार गोळी धोक्याची आणि सपाट नाकाचीच गोळी हवी. विंचेस्टर १८७३ च्या धर्तीच्या रायफलीत काडतुसाची लांबीही पाहावी लागते: काडतूस फार लांब असल्यास ते वर नेणाऱ्या ठोकळ्यात मावत नाही, आणि फार आखूड असल्यास मागचे काडतूस अर्धवट आत शिरून यंत्रणा अडते.

.४५ कोल्ट या जाडजूड काडतुसाचा रुबाब काही औरच, पण त्याच्या ऐसपैस कवचात चिमूटभर दारू इकडेतिकडे सरकते, बार कधी जोरात तर कधी मंद निघतो आणि कमी दाबामुळे कवच नीट न फुगल्याने काजळी मागे येते. घरी काडतुसे भरणाऱ्यांनी दारूच्या छापील तक्त्यातील किमान मापाखाली जाऊ नये, कारण गोळी नळीतच अडकली आणि घाईत पुढचा बार काढला गेला तर नळी फाटू शकते. बार फुसका वाटताच थांबावे, मग वेळ गेली तरी चालेल.

शॉटगनसाठी शिशाचे बारीक छर्रे असलेली हलकी टार्गेट काडतुसे पुरतात. मात्र उभी लक्ष्ये त्यांनी खरोखर पडतात की नाही, हे आधी मैदानावर पाहावे. एका जातीची काडतुसे पेटीभर घेण्यापूर्वी पन्नासच घ्यावीत आणि ती आपल्याच रायफलीतून, सामन्यातल्याइतक्याच वेगाने लिव्हर चालवून संपवावीत.