ब्रेकबीटचा इतिहास आणि डीजेंची चरित्रे: अभ्यास कोठून व कसा सुरू करावा

महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीपुढे चालणारी स्पीकरची भिंत उभी राहते. ‘डीजे लावला’, ‘डीजे बंद केला’ अशी वाक्ये आपण सहज बोलतो आणि त्यांत माणूस कोठेच नसतो. ब्रेकबीटच्या, म्हणजे गाण्यातील केवळ ड्रमचा तुकडा उचलून त्यावर रचलेल्या संगीताच्या, इतिहासाकडे वळणाऱ्याने सर्वप्रथम हा शब्द माणसाला परत द्यावा. येथे ज्या डीजेंचा विचार करायचा आहे, त्यांतील पहिले न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७० च्या दशकात वाढलेली पोरसवदा मुले होती आणि दोन तबकड्या हातांनी पुढे-मागे फिरवून त्यांनी वाजवण्याची एक नवीच रीत घडवली. त्यांच्या मुलाखती, आत्मकथने आणि माहितीपट पुष्कळ आहेत. परंतु तेवढेच वाचत-पाहत गेल्यास पदरी पडतात त्या बहुधा दंतकथा. माझा अनुभव असा, की आधी कान, मग हात आणि त्यानंतर चरित्र हा क्रम धरला, तर प्रत्येक आयुष्यातील नेमका कोणता क्षण महत्त्वाचा होता, हे आपोआप उलगडते.

एक वही घ्यावी आणि ती समोरासमोरच्या पानांवर लिहावी. डाव्या पानावर डीजे आणि त्याने वाजवलेली तबकडी, तर उजव्या पानावर त्या तबकडीत प्रत्यक्ष ड्रम वाजवणारा वादक. या अभ्यासात उजवे पान भरणे फार अवघड जाते आणि म्हणूनच ते पहिल्या दिवसापासून राखून ठेवणे मला आवश्यक वाटते.

ब्रेक म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा ऐकून लवकर कळते. फंक किंवा सोल प्रकारच्या गाण्यात मध्येच गायक थांबतो, गिटार आणि पिपाण्या थांबतात आणि काही सेकंद केवळ ड्रम वाजत राहतो; तेवढा तुकडा म्हणजे ब्रेक. गाणे थांबून ढोलकी एकटीच बोलू लागली की फडातला प्रेक्षक कसा सावरून बसतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या तुकड्याचे आकर्षण निराळे समजावून सांगावे लागत नाही. सुरुवातीस ‘द विन्स्टन्स’ या वॉशिंग्टनच्या वाद्यवृंदाचे १९६९ सालचे ‘आमेन, ब्रदर’ हे वादन लावावे. ‘कलर हिम फादर’ या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीची ही मागची बाजू. १ मिनिट २६ सेकंदांच्या सुमारास बाकीची वाद्ये गप्प होतात आणि ग्रेगरी कोलमन हे ड्रमवादक सुमारे ७ सेकंद एकटे वाजवतात.

हे ७ सेकंद बोटांवर मोजावेत. त्यात चार-चार मात्रांचे चार विभाग, म्हणजे एकूण १६ मात्रा येतात आणि तीनतालाची सवय असलेल्या मराठी कानाला हा हिशेब लगेच बसतो. पहिल्या दोन विभागांत कोलमन गाण्यात आधीपासून चाललेला ठेकाच धरून ठेवतात व स्नेअर या खणखणीत आवाजाच्या ड्रमचा ठळक आघात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देतात. तिसऱ्या विभागात मात्र स्नेअरचा एक आघात आपल्या जागी न येता किंचित मागे रेंगाळतो. चौथ्या विभागाची पहिलीच मात्रा ते मोकळी सोडतात आणि मग आडवळणाने येत झांज अपेक्षेपेक्षा आधी वाजवून मोकळे होतात. तीनतालाची खाली नवव्या मात्रेवर असते. येथे ही मोकळी जागा तेराव्या मात्रेवर सापडते. ती नेमकी हाताला लागेपर्यंत पुढे जाऊ नये, कारण पुढे वीस-पंचवीस वर्षे शेकडो लोकांनी याच तुकड्याचे बारीक काप करून ते पुन्हा जोडले आणि त्यांनी काय बदलले, हे ओळखायचे तर मूळ घडण पाठ असावी लागते.

यानंतर हातांचे काम. एकच तबकडी दोन प्रतींत घ्यावी किंवा तशी सोय नसल्यास संगणकावरील डीजे प्रणालीत तेच गाणे दोन्ही बाजूंना चढवावे. एका बाजूचा ब्रेक संपत आला की दुसऱ्या बाजूचा ब्रेक सुरू करावा आणि तो वाजत असताना पहिली बाजू मागे फिरवून पुन्हा आरंभी आणून ठेवावी. ७ सेकंदांत सुईने ब्रेकची जागा शोधणे, हेडफोनमध्ये ऐकून खात्री करणे आणि मिक्सरचा फेडर, म्हणजे एका बाजूचा आवाज उतरवून दुसऱ्या बाजूचा चढवणारी पट्टी, सरकवणे ही तिन्ही कामे करावी लागतात, तेव्हा घामच फुटतो. तो फुटल्यावरच क्लाइव्ह कॅम्पबेल यांचे चरित्र वाचायला घ्यावे.

कॅम्पबेल यांचा जन्म १९५५ मध्ये जमैकाच्या किंग्स्टन शहरात झाला. रस्त्यावर मोठमोठे ध्वनिसंच मांडून चालणारे नाच त्यांनी लहानपणीच ऐकले होते. १९६७ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ते ब्रॉन्क्सला आले आणि पुढे डीजे कूल हर्क या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांची बहीण सिंडी हिने शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरील सामाईक खोलीत पार्टी ठेवली. रात्री ९ ते पहाटे ४ ही वेळ आणि मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट हा दर साध्या कार्डांवर हाताने लिहिलेला होता. हिप-हॉपच्या जन्माची तारीख म्हणून हा दिवस सांगितला जातो खरा. परंतु अभ्यासकाने त्यात सिंडीचे नाव अधोरेखित करावे, कारण खोली भाड्याने घेणे, निमंत्रणे लिहिणे आणि हिशेब सांभाळणे हे सारे तिने केले होते आणि तरीही कित्येक चरित्रांत ती एका ओळीत आटोपते.

हर्क यांचे निरीक्षण साधे होते. नाचणारी मुले गाणे चालू असताना भिंतीला टेकून उभी राहतात आणि ब्रेक आला की मध्ये येतात, हे त्यांनी हेरले आणि गाणे वगळून ब्रेकच एकामागून एक लावायला सुरुवात केली. या रीतीला त्यांनी ‘मेरी-गो-राउंड’ हे नाव दिले. जेम्स ब्राउन, त्यानंतर ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’चे ‘बाँगो रॉक’, त्यानंतर ‘बेब रूथ’ या इंग्रजी वाद्यवृंदाचे ‘द मेक्सिकन’ असा त्यांचा एक क्रम प्रसिद्ध आहे आणि तो आपण स्वतः लावून पाहावा. तबकडी कोणती, हे इतरांना कळू नये म्हणून वडिलांच्या सल्ल्यावरून ते तिच्यावरील लेबल पाण्यात भिजवून काढून टाकत. नाव नसलेली ती काळी चकती हातात घेऊन तिच्या खाचांवरूनच ब्रेकची जागा ओळखणारा तरुण डोळ्यांसमोर आणला, की या कलेत स्मरणशक्तीला केवढे मोल होते, ते ध्यानात येते. हर्क सुई अंदाजाने टाकत. दोन ठेके नेमके जुळावेत, याची त्यांना फारशी फिकीर नसे. १९७७ मध्ये एका पार्टीत त्यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि त्यानंतर ते या क्षेत्रातून मागे पडत गेले.

जुळवणीची उणीव भरून काढली जोसेफ सॅडलर म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी. त्यांचा जन्म १९५८ चा, बार्बाडोसमधला. वाढले ब्रॉन्क्समध्ये आणि शिक्षण तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्सचे. त्यांचे चरित्र वाचताना वहीत थोडे गणित मांडावे, कारण फ्लॅश यांची बुद्धी तेथेच दिसते. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा सुमारे १.३३ सेकंदांत पूर्ण होतो, म्हणून ७ सेकंदांचा ब्रेक साधारण सव्वापाच फेऱ्यांत संपतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीला एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. लेबलावर मेणाच्या खडूने घड्याळाच्या काट्यासारखी एक रेघ ओढली आणि ब्रेकच्या आरंभी ती कोठे येते, हे पाहून ठेवले, तर तबकडी किती वेळा उलटी फिरवायची, ते नुसते पाहून समजते. सुई उचलायची गरज उरत नाही. तबकडी खालच्या थाळीवर अलगद घसरावी म्हणून त्यांनी फेल्टचे कापड स्टार्च मारून, इस्त्रीने कडक करून तिच्याखाली घातले. आज दुकानात मिळणारी स्लिपमॅट ही त्याच कापडाची वंशज होय. हर्क यांचे ब्रेक आणि पीट डीजे जोन्स या डिस्को वाजवणाऱ्या डीजेंची सफाईदार जोडणी हे दोन्ही त्यांनी बारकाईने पाहिले होते. १९८१ ची त्यांची ‘व्हील्स ऑफ स्टील’ ही तबकडी जवळ ठेवावी, कारण हातांनी चाललेले हे काम ध्वनिमुद्रणात त्याआधी इतके स्पष्ट क्वचितच उतरले होते.

येथे यंत्राबद्दल सांगितले पाहिजे. सुरुवातीला मी एका परिचितांचे पट्ट्यावर चालणारे जुने टर्नटेबल वापरत असे. तबकडीवर बोट टेकले की खालची थाळीच मंदावायची आणि बोट उचलल्यावर तिला वेग घ्यायला जवळजवळ पूर्ण फेरा लागायचा. तोवर ठेका निघून गेलेला असायचा. दोष माझ्या हाताचा आहे, असे मी कित्येक दिवस समजत होतो. मोटर थेट थाळीला जोडलेले यंत्र वापरल्यावर खरा फरक समजला. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे १९७२ मध्ये आलेले टर्नटेबल डीजेंनी का उचलून धरले, याचे उत्तर त्या थाळीच्या जोरात आहे. शिकणाऱ्याने पैसे जमवून शेवटी थेट चालणारेच यंत्र घ्यावे. देखणे, सूटकेससारखे मिळणारे खेळणे या कामी निरुपयोगी आहे.

चरित्रांतील परस्परविरोधी साक्षी कशा हाताळाव्यात, हे ब्रॉन्क्सचेच डीजे ग्रँड विझर्ड थिओडोर यांच्या कथेवरून शिकता येते. घरी तबकडी मोठ्याने लावली असता आई दारात येऊन ओरडली, त्यांनी तबकडी हाताने धरून ठेवली, धरता धरता ती थोडी पुढे-मागे झाली आणि हेडफोनमध्ये ऐकू आलेल्या त्या खरखरीतून ‘स्क्रॅच’ जन्मला, ही कथा ते स्वतः सांगतात. साल मात्र कोठे १९७५, तर कोठे १९७७ असे आढळते. घरात गवसलेली गोष्ट आणि चारचौघांसमोर प्रथम सादर केलेली गोष्ट यांत काळ जातोच, म्हणून वहीत दोन्ही साले नोंदवावीत आणि प्रत्येकापुढे सांगणाऱ्याचे नाव लिहावे. आठवणींपेक्षा भक्कम पुरावा हवा असेल, तर त्या काळची हस्तपत्रके आणि पार्ट्यांच्या ध्वनिफिती शोधाव्यात. बडी एस्क्वायर यांनी काढलेली पत्रके कॉर्नेल विद्यापीठाच्या हिप-हॉप संग्रहात जपलेली आहेत; एखाद्या पत्रकावरील स्थळ, तारीख, दर आणि नावांचा क्रम एवढ्यावरून त्या वेळी कोणाचा किती दबदबा होता, ते कळते.

१९८० च्या दशकाचा उत्तरार्ध ऐकताना लक्ष हातांवरून सँपलरकडे, म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून तो हवा तसा कापून वाजवणाऱ्या यंत्राकडे, न्यावे. न्यूयॉर्कच्या लेनी रॉबर्ट्स आणि लू फ्लोरेस यांनी १९८६ ते १९९१ या काळात ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या मालिकेचे २५ भाग काढले आणि दुर्मीळ ब्रेक कोणालाही विकत मिळू लागले. ‘आमेन, ब्रदर’ पहिल्याच भागात होते. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या सँपलरमध्ये एकूण जेमतेम १० सेकंदांचा ध्वनी मावत असे, म्हणून ३३ ची तबकडी ४५ वर वाजवून आत घ्यायची आणि यंत्रात तिचा वेग पुन्हा उतरवायचा, अशी युक्ती निघाली. त्या काळच्या ठेक्यांना जो खरबरीत, जाडसर पोत आहे, त्यात या काटकसरीचाही वाटा आहे.

लंडनची शाखा स्वतंत्रपणे ऐकावी. ‘हेवन’ या क्लबमधील ‘रेज’ नावाच्या नियमित नाचरात्री फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे डीजे ब्रेक असलेल्या तबकड्यांचा वेग वाढवून वाजवत आणि त्या नाचघरातून जंगल व ड्रम अँड बेस या वेगवान ब्रेकवर उभ्या असलेल्या संगीतप्रकारांना मोठे बळ मिळाले. येथेही गणित करावे: मिनिटाला सुमारे १३७ मात्रांचा ‘आमेन’ टर्नटेबलवर ८ टक्के वाढवला, तरी तो १४८ पर्यंतच जातो, १६० च्या पुढे न्यायचा, तर सँपलरमध्ये कापून बसवावाच लागतो. या संगीताचे निर्माते गोल्डी यांचे नाव सगळीकडे वाचायला मिळते, परंतु त्यांना ‘रेज’ला घेऊन गेल्या त्या केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोन स्त्री-डीजे. ‘मेटलहेड्झ’ ही तबकड्या काढणारी कंपनी उभी करण्यात त्यांचा मोठा हात होता. १९९९ मध्ये केमिस्ट्री यांचा रस्त्यावरील अपघातात मृत्यू झाला. त्याच वर्षी त्या दोघींचे ‘डीजे-किक्स’ हे मिश्रण प्रसिद्ध झाले होते आणि एकापुढे एक तबकडी कशी निवडावी, हे शिकण्यासाठी मी ते आजही सुचवतो. हॉक्स्टन चौकातील ‘ब्लू नोट’ क्लबमध्ये रविवारी मेटलहेड्झची रात्र असे आणि सोमवारी तबलावादक तलविन सिंग यांची ‘अनोखा’. त्यांच्या ‘ओके’ या ध्वनिमुद्रिकेला १९९९ चा मर्क्युरी हा ब्रिटनमधील संगीत पुरस्कार मिळाला. तबला आणि तुटलेला ठेका एकत्र कसे चालतात, हे ऐकण्यासाठी आपल्याकडच्या श्रोत्याने तेथून आरंभ करायला हरकत नाही.

आता उजव्या पानाकडे यावे. जेम्स ब्राउन यांचे ‘फंकी ड्रमर’ २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटीत ध्वनिमुद्रित झाले. त्यातील क्लाइड स्टबलफील्ड यांचा ठेका पुढे असंख्य गाण्यांत उचलला गेला, परंतु त्या उचलीचे मानधन त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. २०१७ मध्ये ते वारले. ‘विन्स्टन्स’चे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये ब्रिटनमधील चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड दिले. ज्यांच्या हातांनी ते ७ सेकंद वाजले, ते ग्रेगरी कोलमन २००६ मध्येच अटलांटा येथे बेघर अवस्थेत निवर्तले होते. त्यांच्या पानावर लिहिण्यासाठी तबकडीचे नाव, साल, १ मिनिट २६ सेकंद ही जागा आणि तेरावी मोकळी मात्रा एवढे तरी निश्चितपणे मिळते. ते पहिल्या दिवशीच शाईने लिहून ठेवावे.