बँकेच्या नावाने आलेला ईमेल खरा की खोटा, कसं ओळखाल?

लोगो, रंग, तळाची कायदेशीर सूचना यातलं काहीही पुरावा धरू नका; खऱ्या मेलमधून ते जसंच्या तसं उचलता येतं. शुद्धलेखनाच्या चुकांचा भरवसाही आता उरलेला नाही. हल्लीचे खोटे मेल अगदी निर्दोष भाषेत येतात.

आधी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडा. इनबॉक्समध्ये दिसतं ते फक्त नाव, आणि तिथे कुणीही काहीही लिहू शकतो. पत्ता चुकीचा असेल तर मेल खोटाच समजा. पण तो बरोबर दिसला म्हणून मेल खरा ठरत नाही, कारण पत्ताही बनावट टाकता येतो.

खरी परीक्षा लिंकची. कॉम्प्युटरवर माउस नुसता लिंकवर न्या, मोबाइलवर बोट दाबून धरा, पत्ता दिसेल. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी रेघ शोधा आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचा. समजा पत्ता असा आहे:

लॉगिन.आपलीबँक.कॉम.केवायसी-अपडेट.टॉप/खाते

रेघेच्या लगेच आधी 'केवायसी-अपडेट.टॉप' आहे. हेच साइटचं खरं नाव, म्हणजे डोमेन; साइट त्याच्या मालकाची. आधीचं 'आपलीबँक.कॉम' त्याने स्वतः जोडलंय, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवून एम भासवण्याची युक्तीही जुनीच, म्हणून अक्षरं सावकाश बघा. ब्राउझरमधलं कुलूप एवढंच सांगतं की मधे कुणी माहिती वाचू शकत नाही. पलीकडे चोर बसलाय की बँक, हे ते सांगत नाही.

लिंकऐवजी एचटीएमएल फाइल किंवा क्यूआर कोड आला असेल तर जास्तच सावध व्हा. फाइल उघडली की खोटं लॉगिन पान दिसतं. क्यूआरमधली लिंक मेलच्या गाळणीतून सहज निसटू शकते.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ते आपणहून भरणारं ॲप, वापरा, ही आमची आग्रहाची सूचना. डोळा फसतो, पण डोमेन जुळलं नाही तर मॅनेजर आपणहून पासवर्ड भरत नाही. तो गप्प राहिला तर तुम्हीही हाताने भरू नका.

शंका असेल तर कार्डामागच्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नंबरवर नाही. माहिती भरून बसला असाल तर आधी बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करून घ्या, मग पासवर्ड बदला. तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तोही लगेच बदला.