चक्कर येते म्हणून मान धरून बसू नका

चक्करेचा त्रास असलेला माणूस मला दार उघडतानाच कळतो. मान ताठ, वळायचं तर खांद्यासकट वळणार. वरच्या फडताळातले डबे त्यानं कधीच खाली आणून ठेवलेले असतात. मी फिजिओथेरपिस्ट, डोंबिवलीत घरोघरी जाऊन व्यायाम शिकवते. आतल्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र बिघडलं की मेंदू डोळे आणि तळपाय यांच्या मदतीनं नव्यानं जुळवून घेतो. पण डोकं हललंच नाही तर जुळवून घेणार कशाशी? म्हणून या व्यायामांत थोडं गरगरायलाच हवं. थोडं म्हणजे, थांबल्यावर काही मिनिटांत उतरेल इतकं. उलटी होईपर्यंत ताणणं म्हणजे अतिउत्साह.

आधी डॉक्टरांना दाखवा. कूस बदलताना काही सेकंद खोली फिरते, की उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्यांना नीट सांगा. अंधारी बीपीमुळे किंवा एखाद्या औषधामुळेही येते, तिथे माझे व्यायाम कामाचे नाहीत. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसले किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर व्यायाम राहू द्या, तडक हॉस्पिटल गाठा.

सुरुवात बसून. भिंतीवरचं कालनिर्णय डोळ्यांच्या उंचीवर टांगा आणि हाताच्या अंतरावर खुर्ची ठेवा. तारखेच्या एका आकड्यावर नजर रोखून ‘नाही, नाही’ म्हणतो तशी मान हलवा. आकडा स्पष्ट दिसतोय तोवरच वेग वाढवा, पुसट झाला की कमी करा. आधी अर्धा मिनिट, जमलं की एक मिनिट. मग तसंच ‘हो, हो’ करत. दिवसातून तीनदा. जवळ-लांबचा एकत्र चष्मा असेल तर मान वरखाली करताना भिंगामुळेच आकडा पुसटतो. तेव्हा चष्मा काढून दिसेल एवढा मोठा आकडा कागदावर लिहून चिकटवा. बरेच जण इथे मानेबरोबर नजरही फिरवतात. घरातल्या कुणाला तरी समोर उभं करून डोळ्यांवर लक्ष ठेवायला सांगा.

आधी डोळे, मग डोकं, मग उभं राहून, मग चालत, हा क्रम जुना आहे. 1940च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुकसी या डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी तो बसवला.

उभ्यानं करायचे व्यायाम ओट्याशी. अनवाणी, मोजे नकोत. पाय जुळवून उभं राहा, मग एका पावलापुढे दुसरं, मग एका पायावर 10 सेकंद. बोटं ओट्याला टेकलेली असू देत, हळूहळू एकेक उचला. डोळे मिटून मात्र कोपऱ्यात पाठ करून, पुढे खुर्ची आणि शेजारी माणूस असेल तरच. चेहऱ्याला साबण लावला की झोक जातो, असं काकू मंडळी हमखास सांगतात. याचा अर्थ तोलाचा सगळा भार डोळ्यांवर पडलाय. त्यांनी हा भाग सोडू नये, आणि बाथरूममध्ये दांडीही बसवून घ्यावी.

चालण्यासाठी लादीचा सांधा ही आयती रेघ. टाचेला अंगठा लावत पॅसेजभर जा. आमच्याकडच्या वन-बीएचकेचा पॅसेज अरुंद असतो याचा एवढाच काय तो फायदा, दोन्ही भिंती हाताशी!

कानातले कॅल्शियमचे कण सरकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर इप्ली पद्धतीनं तेच ते जागेवर आणतात, बहुतेकदा एक-दोन खेपांत. घरी करायला सांगितलं तर ब्रँट-डॅरोफ: दिवाणाच्या कडेला बसा, मान अर्धी उजवीकडे वळवा, तशीच ठेवून डाव्या कुशीवर आडवे व्हा. 30 सेकंद किंवा गरगर थांबेपर्यंत थांबा. उठून 30 सेकंद बसा, मग दुसरी बाजू. अशा पाच फेऱ्या, दिवसातून तीनदा, साधारण दोन आठवडे. मानेच्या मणक्याचं दुखणं असेल तर विचारल्याशिवाय नको.

चक्करेची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या. काही गोळ्या गरगर दाबतात, तसं मेंदूचं जुळवून घेणंही लांबवतात. पण मनानं बंद करू नका.

घरात जमलं की सोसायटीच्या आवारात, चालताना मान डावी-उजवीकडे वळवत. स्टेशनच्या जिन्यावर मात्र हे प्रयोग नकोत, तिथे कठडा धरायचा.