सभासद बोलला, नोटीस मंडळाला: या चुका टाळा

जत्रांचा हंगाम संपून हिशेबाच्या सभा सुरू झाल्या की बदनामीबद्दलची वकिलाची नोटीस हातात घेऊन अध्यक्ष-सचिव माझ्याकडे येऊ लागतात. नाट्यमंडळ असो, भजनी मंडळ असो, प्रश्न ठरलेला: ‘सभासदाने कुणाबद्दल तरी कायबाय पसरवलं, त्यात आम्ही कसे?’ बहुतेक वेळा ते त्यात नसतातच. स्वतःच्या हाताने शिरतात.

कामाच्या ओघात नोकराने केलेल्या कृत्याची जबाबदारी मालकावर येते. सभासद मंडळाचा नोकर नव्हे. चहाच्या गाड्यावर तो जे बरळला ते त्याचं. मंडळाने त्याला बोलायला लावलं असेल, तो पदाधिकारी म्हणून मंडळाच्या वतीने बोलला असेल किंवा मंडळाने मागाहून ते उचलून धरलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

अफवेवर शिक्का मारणे

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं एक नाट्यमंडळ. माजी खजिनदाराने नाटकाचे पैसे खाल्ले, अशी कुजबुज काही सभासदांनी सुरू केली. तिथवर मंडळाचा काही संबंध नव्हता. पण नव्या सचिवांना घाई. त्यांनी लेटरहेड काढलं, ‘माजी खजिनदारांनी केलेल्या अफरातफरीची मंडळाने गंभीर दखल घेतली आहे’ असं लिहिलं आणि शिक्का मारून कागद देवळाच्या फलकावर डकवला. सभा नाही, ठराव नाही, वह्या कुणी उघडल्या नाहीत. उघडल्या तेव्हा कळलं, पैसे मंडप-लायटिंगवाल्याला आगाऊ दिले होते आणि पावती भलत्याच फायलीत होती. तोवर नोटीस येऊन पडली होती. त्याच फलकावर माफीचा कागद लावून आणि सर्वांसमोर हिशेब वाचून प्रकरण मिटलं.

माझी पद्धत अशी: कुणाचं नाव निघालं की लेटरहेड कपाटात. आधी कॅशबुक, पावत्या, पासबुक. मग कार्यकारिणीची सभा. खुलासा मागायचाच तर बंद पाकिटात, ज्याचा त्याला. मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोचल्याशिवाय बदनामी होत नाही. याला आठवडा जातो म्हटलं की नव्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे पडतात. त्यांना ग्रुपवर दोन ओळी टाकून मोकळं व्हायचं असतं.

फलकाकडे दुर्लक्ष

इंग्लंडमध्ये एका गोल्फ क्लबच्या भिंतीवर, जुगाराच्या यंत्रांची खबर पोलिसांना देणाऱ्यावर कुणीतरी निनावी कविता लावली. १९३७ साली अपील न्यायालयाने ती बदनामीकारक नाही असं ठरवलं, म्हणून क्लबवाले सुटले. पण काढणं हातात असूनही ती राहू दिली, म्हणून ती लोकांपुढे आणली ती त्यांनीच, असं धरलं गेलं. निवाडा परका, आपल्यावर बंधनकारक नाही. तरी फलकाला काच आणि कुलूप लावा, किल्ली एकाकडेच ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या अ‍ॅडमिनने मात्र घाबरून ग्रुप बंद करायचं कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली, बदनामीच्या नव्हे तर दुसऱ्या गुन्ह्याच्या प्रकरणात, समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याशिवाय सभासदाच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही असं म्हटलं.

बाकीच्या

‘असं ऐकलंय’ जोडल्याने सुटका होत नाही.

‘खरं तेच लिहिलं’ एवढ्याने फौजदारीत भागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये खरेपणासोबत लोकहितही दाखवावं लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवा.

‘मंडळ भरेल’ या भरवशावर राहू नका. १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली मंडळाविरुद्धचा निकाल मंडळाच्या मालमत्तेवर बजावला जातो, अध्यक्षांच्या घरावर नाही. पण ज्याने लिहिलं त्याच्यावर वेगळा दावा होऊ शकतो.

आणि दावा लावायची मुदत. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्यातल्या लांब मुदती सांगणारे जाणते अजून भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली तो प्रश्न निकाली काढला. गोव्यातही १९६३चाच मुदत कायदा. भरपाईच्या दाव्याला एक वर्ष. म्हणून नोटिशीला उत्तर लिहिण्याआधी कागद फलकावर कधी लागला ती तारीख शोधा, आणि कुणाच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो असेल तर पुसू देऊ नका.