एरियातल्या जुन्या टॉकीजचा इतिहास शोधायचाय? आधी ऑपरेटरकाकांना गाठा

मुंबईतल्या रीगल, इरॉस, लिबर्टीवर भरपूर लिहून झालंय. पण कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या ज्या टॉकीजमध्ये आपल्या आईवडलांनी लग्नानंतरचा पहिला पिक्चर बघितला त्यांच्याबद्दल धड चार पानं सापडत नाहीत, आणि एकेक टॉकीज पाडली जातेय, घाटकोपरच्या ओडियनचं तर आता मॉलच्या पाटीवर नाव तेवढं उरलंय. म्हणून ज्याला कोणाला हे काम करावंसं वाटतंय त्याने आत्ताच हातात घ्या, कसं करायचं ते सांगते.

बहुतेक जण आधी नेटवर शोधतात नाहीतर लायब्ररी गाठतात. माझं ठाम मत आहे की आधी माणसं. कागद पुढच्या वर्षीही मिळतील, पिक्चर दाखवायचं मशीन चालवणारे, ऐंशीच्या घरातले ऑपरेटरकाका भेटतीलच असं नाही. टॉकीजच्या शेजारचा जुना पानवाला, सलूनवाला, वडापाववाला यांना विचारा, डोअरकीपर कुठे राहायला गेला ते त्यांना बरोब्बर माहीत असतं. मालकाच्या घरी नंतर जा. उद्घाटनाला कोण आलं होतं ते तिथे कळेल, पण टॉकीज रोजची चालायची कशी हे ऑपरेटर, बुकिंग क्लार्क आणि डोअरकीपरच सांगणार.

आणि हो, "तेव्हा कसं वाटायचं हो काका" असलं विचारू नका, कामाचं विचारा. मशीन कुठल्या कंपनीचं होतं, मशीनमधला कार्बनच्या कांड्यांचा दिवा जाऊन झेनॉनचा कधी आला, केबिनमध्ये किती जण असायचे. कार्बनच्या दोन कांड्या जळत जळत आखूड होतात, मधलं अंतर वाढलं की पडद्यावरचा उजेड बिघडतो आणि खालून शिट्ट्या सुरू, म्हणून काका काळ्या काचेतून ज्योत बघत बघत त्या कांड्या जवळ आणत राहायचे, हे सांगताना त्यांची बोटं आपोआप ती कळ फिरवायला लागतात. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालतं, म्हणजे तीन तासांच्या पिक्चरला आठ-नऊ रिळं, दोन मशीन आलटून पालटून, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर टिपका चमकला की दुसरं मशीन चालू. कधी एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची, मग खेळांच्या वेळा पुढेमागे ठेवायच्या आणि रिळांचे डबे सायकलवरून पळवायचे. तुमच्या टॉकीजची जोडी कुठल्या टॉकीजशी होती ते नक्की विचारा, त्यावरून आख्ख्या एरियाचा धंदा कळतो. मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं, अर्थात आधी विचारून.

आता तारखा. लोकांना साल आठवत नाही, पिक्चर आठवतो. पण पिक्चरचं रिलीजचं साल तेच टॉकीजचं साल असं धरू नका. उपनगरातल्या कितीतरी टॉकीजमध्ये पिक्चर जुना झाल्यावर यायचा, शिवाय मॅटिनीला जुने पिक्चर परत परत लागायचे. शोले १५ ऑगस्ट १९७५ ला आला आणि एकट्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये पाच वर्षं चालला, त्यामुळे कोणी म्हणालं की आमच्याकडे शोले बघितला, तर त्यावरून एवढंच कळतं की टॉकीज ७५ मध्ये किंवा त्यानंतर कधीतरी चालू होती.

त्यापेक्षा वस्तू मागा. जुनी तिकिटं कोणाच्या तरी वहीत सापडतात, पातळ रंगीत कागद, स्टॉल, अप्पर स्टॉल, बाल्कनी असे क्लास, मूळ दर आणि करमणूक कर वेगळा छापलेला. मालकाच्या कपाटात रौप्यमहोत्सवाच्या, म्हणजे पिक्चर २५ आठवडे चालल्याच्या, ट्रॉफ्या असतील तर प्रत्येकीचा जवळून फोटो काढा, खालच्या पट्टीवर पिक्चरचं आणि टॉकीजचं नाव कोरलेलं असतं.

हे सगळं हातात आलं की मग कागदांकडे वळा. टॉकीजचं नाव बदलतं, मालक बदलतो, जागा तीच राहते, म्हणून सिटी सर्वे नंबर काढा आणि त्यावरून प्रॉपर्टी कार्ड, त्यात जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याच्या नोंदी असतात. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात करनिर्धारण खात्याकडे त्या इमारतीवर पहिल्यांदा कर कधी लागला ते विचारा. तोंडी दाद देत नसतील तर सरळ माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी १० रुपये. लायसन्सचे कागद मुंबईत पोलीस आयुक्तांकडे, करमणूक कर जिल्हाधिकाऱ्यांकडे असायचा, तो २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्याकडून गेला. उपनगरवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, मुलुंड आणि बोरिवली १९५७ ला बृहन्मुंबईत आले, त्याआधी ते ठाणे जिल्ह्यात होते, तेव्हा टॉकीज त्याच्या आधीची असेल तर मुंबईच्या ऑफिसात खेटे घालत बसू नका, ठाण्याला चौकशी करा.

पेपरातल्या जाहिराती सगळ्यात शेवटी, पण त्या सोडू नका. लोकसत्ता १९४८ पासून आहे, महाराष्ट्र टाइम्स १९६२ पासून, जुने अंक मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात बघायला मिळतात. रोजचे अंक चाळत बसलात तर जन्म जाईल. नवीन पिक्चरच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात टॉकीजची यादी असते, तर दर पाच वर्षांतला दिवाळीच्या आठवड्यातला शुक्रवार काढा, तुमच्या टॉकीजचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल त्याच्या आधीची पाच वर्षं मग एकेक करून बघा. नाव दिसलं नाही म्हणजे टॉकीज नव्हती असं मात्र नाही, जाहिरातीचा खर्च सगळ्यांनाच झेपायचा नाही, तिथे परत काकांचं बोलणंच कामी येतं.

जमलेलं सगळं स्कॅन करून एक कॉपी जवळच्या वाचनालयात द्या, पोस्टर किंवा पुस्तिका मिळाल्या आणि घरच्यांना नको असतील तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारून बघा, आणि ज्या काकांनी वेळ दिला त्यांना लिहिलेलं छापून, मोठ्या अक्षरात, घरी नेऊन द्या. वाचताना ते आणखी चार गोष्टी दुरुस्त करतील, त्या पण लिहून घ्या.